कातळावरचा चार्जर

माझा स्वभाव तापट आहे असं शाळेतली मुलं म्हणतात. बाबा तसं म्हणत नाहीत, कारण तो त्यांच्याकडूनच आलेला आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली, मी लग्न केलं नाही, आणि रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, कातळावर, बाबांनी नोकरीत असताना बांधलेल्या जांभ्याच्या घरात आम्ही दोघंच राहतो. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, बत्तीस वर्षं, आणि त्यातली बरीचशी रत्नागिरी-कोल्हापूर.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं सुरू झालं. समोरचं, अगदी मधलं दिसेनासं होतं आणि कडेचं तेवढं दिसतं. म्हणजे माझा चेहरा बघायचा तर त्यांना माझ्याकडे न बघता दाराकडे बघावं लागतं. उजवा डोळा जवळजवळ गेलाच होता. डावा टिकवायचा तर दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, आणि ते देणारे डॉक्टर कोल्हापूरला. दोन इंजेक्शनं झाली. तिसऱ्याच्या वेळी बाबा म्हणाले, "मी येत नाय." कारण विचारलं की तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने.

कारण मला ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला भाड्याच्या गाडीत, मागच्या सीटवर, आंबा घाटात ते प्लास्टिकच्या पिशवीत ओकले होते. ज्या घाटातून त्यांनी जन्मभर पन्नास-पन्नास माणसं वर नेली आणि खाली आणली, त्याच घाटात त्यांना गाडी लागली. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर भला माणूस होता. तो म्हणाला, "होतं आजोबा." त्या 'होतं आजोबा'ने सगळा घात केला. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याच्या अंगाला आधी कळलेलं असतं; मागे बसलेल्या, न दिसणाऱ्या माणसाला लागते. हे मी त्यांना शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं आणि त्यांनी रेडिओ मोठा केला. त्यानंतर ते फाटकाबाहेर पडले नाहीत.

तेव्हा मी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरवलं. डिझेलचा वास नाही, गिअरचे हिसके नाहीत, आणि बाबा पुढे बसतील. हे बेत त्यांना सांगितले नाहीत. सांगितले असते तर उपकार केल्यासारखं झालं असतं आणि मग गाडीला हातही लागला नसता. शाळेत मात्र सगळ्यांना सांगून बसले होते, त्यामुळे स्टाफरूममध्ये रोज नवा सल्ला. पावसाळ्यात शॉक बसेल. बंद पडली तर ढकलत कुठवर नेणार. एका सरांनी तर, रात्री चार्जिंगला लावून झोपू नका, मोबाइल फुटतात तसं होतं, म्हणून मला घाबरवायचा प्रयत्न केला. मी त्यांना विचारलं, तुमचा मोबाइल किती वेळा फुटला? ते दोन दिवस बोलले नाहीत.

लायसन्स माझ्याकडे पंचविशीपासून होतं. बाबांनीच शिकवलं होतं, आणि शिकवताना आमचं असं काही वाजलं होतं की त्या महिन्यात आईच आमचे निरोप इकडून तिकडे करत होती. "मी सांगीन तशी चालव," एवढंच ते म्हणायचे, आणि मला नेमकं तेवढंच जमत नसे.

गाडी गावातल्याच शोरूममधून घेतली. सोबत घरी बसवायचा चार्जर होता. दोन माणसं आली, भिंतीवर पेटी बसवली, वायर ओढली, बटण दाबलं. लाल दिवा. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. मग त्यांनी मीटर लावून बघितलं आणि थोड्या संकोचाने म्हणाले, "मॅडम, तुमच्या घराला अर्थिंगच नाही."

दरवर्षी मी वर्गात तीन तारांचा धडा शिकवते. लाल, काळी आणि हिरवी. हिरवी तार जमिनीत जाते, ती आपला जीव वाचवते, हे वाक्य मी किती मुलांकडून पाठ करून घेतलं असेल त्याला गणती नाही. आमच्या घरातली हिरवी तार मीटरच्या फळीमागे नीट गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून ठेवलेली निघाली. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. आलेली माणसं शहाणी होती, हसली नाहीत. "अर्थिंग करून घ्या आणि फोन करा," म्हणून त्यांनी काढता पाय घेतला.

घराचं वायरिंग ज्यांनी केलं होतं त्या वायरमनना मी बोलावलं. आता त्यांचे केस पांढरे झाले आहेत. गुंडाळलेली तार त्यांच्यासमोर धरली तर ते शांतपणे म्हणाले, "बाई, कातळात खड्डा मारायला तेव्हा कोण तयार होतं? पंखा फिरला, दिवा लागला, झालं." आणि इतकी वर्षं पंखा खरंच फिरत होता.

एकीकडे कोल्हापूरहून डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. महिनाअखेरपर्यंत आणा, नाहीतर डाव्या डोळ्याचंही काही सांगता येणार नाही, म्हणाले. हायवेला एका हॉटेलात चार्जर होता, पण तो कधी चालू तर कधी बंद. त्याच्या भरवशावर बाबांना घाटात न्यायची माझी हिंमत नव्हती. घरून बॅटरी भरून निघायचं आणि बाबांना इंजेक्शन मिळेस्तोवर तिकडे पुन्हा भरून घ्यायची, असा माझा हिशेब होता, आणि तो एका हिरव्या तारेवर अडकला होता.

वायरमननी चार्जरच्या खालीच खणायला घेतलं. पहार आपटली की ठिणग्या उडायच्या. दोन दिवसांत तीन फूट. त्यात पाइप उभा केला, मीठ-कोळसा भरला, बादलीभर पाणी ओतलं, मीटर लावला. न्यूट्रल आणि जमिनीत अठरा व्होल्टचा फरक. चार्जरला चालतो दोन-तीनचाच. कातळ कोरडा ठणठणीत, त्यात वीज उतरणार कशी? मी वायरमनवर ओरडले, मग ओरडल्याबद्दल त्यांना चहा करून दिला, आणि स्वयंपाकघरात उभी राहून चक्क रडले. डोळा जातोय आणि आपण मिठाची पोती आणतोय, असं वाटलं.

बाबा दोन दिवस पडवीत बसून नुसते आवाज ऐकत होते. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "किती गेलात?"

"तीन फूट, काका," वायरमन म्हणाले.

"तितं तीस फूट गेलात तरी दगडच. कलमाच्या खड्ड्यात घाला."

आमच्या अंगणात चार हापूसची कलमं आहेत. त्यांच्या मुळात मीठ घालायला मी मुळीच तयार नव्हते, आणि तसं म्हटलंही. "पाचवा खड्डा गो बाय," बाबा म्हणाले. मग कळलं. घर बांधलं तेव्हा त्यांनी सुरुंग लावून पाच खड्डे पाडून घेतले होते. कातळावर माती कुठली? ती त्यांनी साखरप्याच्या पुढच्या आमच्या गावातल्या मळ्यातून आणली, एसटीच्या टपावर घालून, खेपेला दोन पोती. "लगेजचं तिकीट काढलेलं हां," हे त्यांनी लगेच सांगून टाकलं. पाचवं कलम दुसऱ्याच वर्षी मेलं. खड्डा बुजवला, पुढे अंगणात फरशी घातली, आणि तो कुठे होता हे फक्त त्यांना माहीत होतं.

ते पडवीची पायरी उतरले. मी हात धरायला गेले तर म्हणाले, "हात सोड." अनवाणी, काठीने फरशी ठोकत, कोपऱ्यापासून पावलं मोजत ते चालत गेले. ठोकायचे, थांबायचे, मान तिरकी करून ऐकायचे. आम्ही दोघं शाळेतल्या मुलांसारखे गप्प उभे. मग एका जागी त्यांनी तीनदा काठी आपटली आणि म्हणाले, "हितं."

खणण्याआधी त्यांनी नारळ मागितला. फरशीवर नारळ ठेवून उभ्याउभ्याच गाऱ्हाणं घातलं, जागेवाल्याला, म्हणजे या जागेच्या राखणदाराला. "बा जागेवाल्या, लेकीनं गाडी घेतलीय, तिला वीज पायजे, तुझ्या पोटात पाइप घालतोय, राग मानू नको." वायरमन सवयीने "होय महाराजा" म्हणाले. मी विज्ञानाची शिक्षिका, पण मीही मनातल्या मनात म्हटलं.

फरशी निघाली, खाली लाल खडी, आणि हातभर खाली काळपट, ओलसर माती. गावच्या मळ्याची. वायरमननी मूठभर बाबांच्या हातात दिली, तर त्यांनी ती चोळून नाकाशी धरली. सहा फूट पाइप संध्याकाळच्या आत गेला. मीटर लावला तेव्हा मी दुसरीकडे बघत होते. वायरमन म्हणाले, "दोन." चार्जरचं बटण मी दाबलं.

"रंग कुठला?" बाबांनी विचारलं.

"हिरवा."

मी गाडीला वायर जोडली. बाबा बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले, नाडी बघावी तसे. "चालू हाय का बंद?"

"चार्ज होतेय."

"आणि चालवताना?"

"तेव्हाही आवाज नसतो."

"मग गिअर कधी टाकायचा ता कळतं कसं?"

"गिअरच नाहीत, बाबा."

त्यांनी बॉनेटवरचा हात काढून घेतला. मला उगीचच सांगितल्यासारखं झालं. पण त्या दिवसापासून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, सकाळी एक बादली, आणि मला त्यात बोलू देत नसत.

कोल्हापूरची वेळ दोन दिवसांवर आली तरी ते येणार की नाही ते बोलत नव्हते. मी गोडीने विचारायचं ठरवलं होतं, पण गोडी मला कुठली जमायला? जेवताना मी म्हणाले, "बाबा, शाळेत जायला मला स्कूटर पुरत होती. गाडी मी तुमच्यासाठी घेतलीय. डोळा गेला तर मला सहन होणार नाही." म्हटलं आणि ताटाकडे बघत बसले.

"मला कळत नाय काय?" ते म्हणाले. भाताचा घास कालवत राहिले. मग, "पुढं बसवशील?"

"पुढेच."

"मी सांगीन तशी चालवशील?"

पंचविशीत ज्या वाक्यावरून महिनाभर अबोला धरला होता, त्याला मी पन्नाशीत हो म्हणाले.

सकाळी सहाला निघालो. हातखंबा, पाली, पुढे नाणीज, बाबा ताठ बसलेले, हात मांडीवर. सुरुवातीला त्या शांततेने ते अवघडले. मग गाडीत दुसरे आवाज ऐकू यायला लागले, बाजूने गेलेला ट्रक, कुठल्याशा पुलावरून जातानाचा घुमा, आणि ते ओळखून सांगायला लागले, आता अमुक गाव येईल. साखरपा ओलांडलं, घाट लागला. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "आता उजवं. लांब हाय, मधेच सोडू नको." वळण उजवंच होतं आणि लांबच होतं. "आता डावं, आवळ. कडेला चर आहे, सांभाळ." मी आवळलं. ते सांगायचे, मी चालवायची. वळण यायच्या आत त्यांचं अंग तिकडे कललेलं असायचं.

एका जागी ट्रक बंद पडून उभा होता. मला एकदम थांबावं लागलं, त्यांची लय तुटली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी गाडी कडेला घेतली, दार उघडलं. ते बाहेर पाय टाकून बसले, थंड वाऱ्यात, डोळे मिटून. मी पाठीवर हात ठेवला नाही. मोठ्या मुश्किलीने आवरला. पाचेक मिनिटांनी त्यांनी पाय आत घेतले. "चल. चार वळणं राहिली." बॅटरी घाटात भराभर उतरली होती आणि मी मनातून घाबरले होते. त्यांनी आकडा विचारला, मी सांगितला. "उतरताना परत भरते म्हणतात ना?" शोरूममध्ये गाडीबद्दल ऐकलेलं मी घरी फोनवर कुणाला तरी सांगत होते, तेवढं त्यांनी लक्षात ठेवलेलं. थोडी भरते, म्हटलं. "मग बघू," ते म्हणाले. वर पोचलो तेव्हा त्यांनी खिशातून आलेपाक काढून अर्धा मला दिला.

इंजेक्शन झालं. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून त्यांना बाहेर आणलं. डॉक्टरांनी आत सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते राखता येईल, मात्र आता एकही महिना चुकवायचा नाही. बाहेरच्या टेबलावर सिस्टरनी पुढची तारीख लिहायला वही उघडली आणि बाबांना विचारलं, "आजोबा, मध्ये आला नव्हतात. आता याल ना नक्की?"

मी उभी होते त्या बाजूला बाबांनी अंदाजाने मान वळवली.

"हिला विचारा," ते म्हणाले. "रजा तिला मिळाया पायजे. मी रिकामाच हाय."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मिळेल, लिहा.