यादीत आपण खाली

मी रत्नागिरीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत दाभोळला माहेरी गेले होते, तेव्हा वर्गासाठी एक तक्ता करत बसले होते: मूत्राशयाच्या कर्करोगाने पुरुष दगावण्याचं प्रमाण, देशवार. बाबा येऊन टेकले. जन्म बोटीवर गेलेला माणूस, पण यादी दिसली की आपला नंबर शोधणारच. युरोपातले बरेच देश वर, आपण पार खाली. बाबा इतके खूश झाले, की आईला हाक मारून सांगितलं, यात तरी आपण बरे.

माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. म्हटलं, तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सिगारेटी ओढल्या हे खरं, पण आपल्याकडे घरीच वारलेल्या म्हाताऱ्याला काय झालं होतं, हे विचारतो कोण? वय झालं होतं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. जे नोंदलंच नाही ते तक्त्यात यायचं कसं? शिवाय लघवीतून रक्त जातं पण दुखत नाही, म्हणून पुरुष सांगतच नाहीत. बाबांनी विडी विझवली आणि उठून पडवीत गेले.

वाद अर्धा सोडून उठणारा माझा बाप नव्हे. मी मागोमाग गेले आणि सरळ विचारलं, तुम्हाला जातं का रक्त? ते खाडीकडे बघत म्हणाले, बोटीवर असताना समुद्रातच करायची, रंग कोण बघतो? घरात संडासाचं पांढरं भांडं बसवलं तेव्हा दिसलं. त्याला चार महिने झाले होते. आईला कळू नये म्हणून संडास ते स्वतः घासत होते, आणि नवरा कामाला हातभार लावतो म्हणून आई आळीभर मिरवत होती.

मला राग आला. दुसऱ्याच दिवशी त्यांना रत्नागिरीला नेलं. मूत्राशयात गाठ निघाली, ती दुर्बिणीने काढली. वरवरची होती, वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. तपासण्या अजून चालू आहेत. गाठ काढायला लागले त्यापेक्षा विडी सुटायला जास्त दिवस लागले.

शिमग्याआधी देवळात गावाची बैठक बसली. मी आईबरोबर बाहेर पायरीवर होते. पालखीचं बोलणं संपलं आणि बाबा उभे राहिले.

"माज्या लघवीतून रगत जायत व्हता. दुकत नव्हता, म्हनून लाजेनं गप रायलो. तुमी गप रव नका."

दोघंतिघं हसले. बाबांनी हसणं संपू दिलं आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. इतकी वर्षं मी भरल्या वर्गात आकडे समजावते, पण असं मला कधी जमलेलं नाही. त्या पायरीवर मला माझ्या बापाचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बैठकीत सगळ्यात मोठ्याने हसलेला तांडेल, म्हणजे एका बोटीचा म्होरक्या, दारात हजर. डॉक्टरचा पत्ता हवा होता, आणि हे त्याच्या बायकोच्या कानावर जाता कामा नये, असं मला बजावून झालं. मी कागद घ्यायला वळले तर बाबांनी अडवलं.

"आदी तिला सांगून ये. मग पत्ता."

तो चरफडत गेला. तासाभराने परत आला, तेव्हा बायको सोबत होती.