आत उतरणार कोण?

चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला की समजायचं, आता कोणाचं तरी काही खरं नाही. पुढच्या क्षणी तो आवाज सुटायचा. मशिनांच्या धडधडाटावर चढून तो ऑफिसच्या काचांपर्यंत पोचायचा आणि आम्ही खरेदी विभागातली माणसं हातातला चहा तसाच धरून एकमेकांकडे बघायचो. कामगार त्यांना ‘भोंगा’ म्हणत. तोंडावर अर्थातच साहेब.

अंबरनाथच्या आमच्या केमिकल कारखान्यात ते मेंटेनन्सचे इंजिनीअर होते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. ट्रकमधून येणारी सोड्याची पावडर बादल्यांच्या साखळीनं वर चढवायची, मोठ्या पोलादी हॉपरमध्ये साठवायची आणि खालच्या निमुळत्या तोंडातून थोडी थोडी पुढे सोडायची, ही सगळी यंत्रणा त्यांच्याकडे. ऐकायला सोपं वाटतं. पण पावसाळ्यात घरातली साखर डब्याला कशी धरून बसते ते तुम्ही पाहिलंय ना? तो डबा आता दोन मजली घराएवढा समजा.

पावडर ओल धरायची आणि आतल्या आत तिची कमान बांधली जायची. वरून बघावं तर हॉपर भरलेला, खाली बघावं तर चिमूटभर माल पडत नाही. मग दोन उपाय. एक, बाहेरून घण घेऊन पत्रा बडवायचा. दुसरा, हातात बांबू देऊन माणूस आत उतरवायचा. त्यानं त्या कमानीवर उभं राहून तीच कमान फोडायची. खाली पोकळी. कमान फुटली की मालाबरोबर माणूसही खाली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी वर्षानुवर्षं माणसं उतरत होती.

मीटिंगमध्ये प्रॉडक्शन मॅनेजर सहज म्हणायचे, “दोन माणसं आत घाला, अर्ध्या तासात मोकळं होईल.”

की चष्मा खिशात. “आत उतरणार कोण?”

“ठेकेदाराची माणसं आहेत की.”

“नाव सांगा.”

“अहो, नावाचं काय...”

“तुम्ही उतरणार? मी उतरणार? नाही ना? मग जो उतरणार त्याचं नाव सांगा!”

नाव कोणालाच सांगता यायचं नाही. बारवी धरणाच्या बाजूच्या आदिवासी पाड्यांवरून येणारी ती माणसं ठेकेदाराच्या हिशेबात फक्त डोकी होती. मॅनेजर पुढचा कागद ओढायचे आणि मीटिंग पुढच्या विषयाकडे जायची.

बदलापूरला बेलवलीत आमची घरं जवळजवळ होती. तिथंही त्यांचं हेच. सोसायटीची पाण्याची टाकी धुवायला सेक्रेटरीनं एका माणसाला दोरीशिवाय आत सोडलं, तर यांनी ओरडून अर्धी बेलवली गोळा केली. सेक्रेटरी पुढे कितीतरी दिवस यांना बघून जिन्यातच थबकायचे. साहेबांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, अगदी हळू बोलणाऱ्या. “आम्ही घरात रेडिओ लावत नाही,” त्या हसून म्हणायच्या, “गरजच पडत नाही.” मग ते लाजायचे आणि स्वतः उठून आमच्यासाठी चहा टाकायचे. चहा मात्र भयंकर करायचे.

तुम्हाला वाटेल, माणूस नुसता तापट. तसं नव्हतं. काय करायला हवं हे ते दर वर्षी सांगत होते. हॉपरच्या बाजू जास्त उभ्या करा, म्हणजे माल बसणार नाही, घसरेल. बाहेरून व्हायब्रेटर लावा, घण बंद करा. घणानं पत्र्याला पोचे पडतात, पोच्यांत माल जास्त अडकतो, म्हणून तुम्ही आणखी बडवता. वरच्या तोंडावर पक्की जाळी बसवा, म्हणजे कोणाला आत जाताच येणार नाही. व्हायब्रेटरची कोटेशनं मीच मागवत होतो. वरून उत्तर यायचं, पुढच्या वर्षी बघू.

त्याच काळात कंपनीनं मॅनेजरना मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात परिसंवादाला पाठवलं. विषय होता माल हाताळणीचं आधुनिक तंत्रज्ञान. ते परत आले ते एक चकचकीत बॅग, एक पेन आणि जेवणाची वर्णनं घेऊन. आठवड्याभरात प्लांटच्या भिंतीवर हिरव्या अक्षरांत रंगवलं गेलं, ‘सुरक्षितता प्रथम’.

“पाटी लावायला रंग आहे,” साहेब ओरडले, “जाळी लावायला लोखंड नाही!”

मग एका सुट्टीच्या दिवशी वेल्डरला सोबत घेऊन, भंगारातले अँगल आणि गज वापरून त्यांनी हॉपरच्या तोंडावर स्वतःच जाळी बसवली. त्या दिवशी घरी परतताना ते शीळ घालत होते. मी त्यांना शीळ घालताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

जाळी पावसाळ्यापर्यंत टिकली. ओल्या मालाचे गठ्ठे तिच्यावर अडकायला लागले, ट्रक रिकामे व्हायला वेळ लागायला लागला. साहेब दोन दिवस रजेवर असताना मॅनेजरनी मधले गज गॅसकटरनं कापायला लावले. माणूस जाईल एवढी वाट झाली. मला आजही त्या मॅनेजरचा चेहरा आठवला की कपाळाची शीर उडते. गठ्ठे फोडायला जाळीवर एक माणूस उभा केला असता तरी भागलं असतं. पण घाई होती. कसली घाई होती, ते आज त्यांनाही सांगता येणार नाही.

साहेब रजेवरून परतले त्याच सकाळी मी किती माल उरलाय ते बघायला प्लांटवर गेलो होतो. पाऊस लागलेला. खालचा ऑपरेटर म्हणाला, “पुन्हा बसलाय माल. ठेकेदाराचा काळूराम गेलाय आत.” त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हॉपरमधून धप्प असा आवाज आला. वरून कोणीतरी किंचाळलं.

साहेब कुठून आले मला कळलं नाही. त्यांनी आधी धावत जाऊन खाली माल पुढे नेणाऱ्या कन्व्हेअरचा मेन स्विच खेचला. तो फिरत राहिला असता तर काळूराम मालाबरोबर आणखी खाली ओढला गेला असता. मग शिडीवरून ते वर गेले. त्यांच्या मागे मीही गेलो. आत सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात छातीपर्यंत रुतलेला माणूस, आणि कडेचा माल हळूहळू त्याच्या अंगावर घसरतोय.

“साहेब, पाय टेकत नाय,” काळूराम म्हणाला. “छातीवर लय वजन झालाय.”

“हलू नको. अजिबात हलू नको. माझ्याकडे बघ.” साहेब जाळीच्या उरलेल्या गजांवर पालथे पडले, दोराचा फास सोडला, तो त्यानं काखेत अडकवला. दोराचं टोक आम्ही तिघाचौघांनी धरलं. “ओढू नका, मोडेल तो! नुसता दोर धरून ठेवा.” मग खाली तोंड करून ते ओरडले, “गॅसकटर आणा! चारी बाजूंनी भोकं पाडा, मी सांगतो तिथं, सारख्या उंचीवर. एकाच बाजूला पाडलंत तर माल तिकडे धावेल आणि याला घेऊन जाईल!”

तो आवाज त्या दिवशी प्रत्येकाला ऐकू गेला. पावसातही.

मॅनेजर छत्री घेऊन खाली उभे होते. “अहो, अख्खा माल वाया जाईल! हेड ऑफिसला विचारू द्या!”

“विचारा,” साहेब वरून म्हणाले. “तोवर कापा रे!”

कटर चालू झाला. पत्रा तापला, भोकं पडली, चारी बाजूंनी पांढऱ्या धारा चिखलात पडायला लागल्या. वर साहेब पालथेच. काळूरामच्या तोंडाला लावायला त्यांनी ओला रुमाल काठीवरून पोचवला होता आणि एका वेगळ्याच आवाजात त्याच्याशी बोलत होते. तो आवाज मला माहीत नव्हता.

“पोरगी आहे ना तुला? काय नाव?”

“सुगंधा.”

“शाळेत जाते?”

“नाय जात. पलून येतं.”

“का पळून येते?”

“मास्तर मारतंय.”

“मी येतो मास्तरला भेटायला,” साहेब म्हणाले. “बघतोच त्याच्याकडे.”

आणि छातीपर्यंत गाडला गेलेला तो माणूस हसला. मी बघितलं.

माल उतरत गेला, पोट मोकळं झालं, गुडघे दिसले, तेव्हा त्याला वर ओढलं. डोळे लाल, कातडी सोलवटलेली, सगळं अंग पांढरं. नळाखाली त्याचे डोळे साहेबांनी स्वतः धुतले, बराच वेळ. काळूराम जगला. खोकला मात्र जन्माचा लागला.



कंपनीनं चौकशी लावली. गज कोणी कापायला लावले, याची नाही. साहेबांची. परवानगी न घेता कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल. मला साक्षीला बोलावलं. मी पाहिलं ते सगळं सांगितलं, गज कापल्याचंसुद्धा. चौकशी अधिकारी म्हणाले, “तो विषय आपल्यापुढे नाही.” मी पुन्हा सांगितलं. त्यांनी लिहून घेणाऱ्याला हातानं थांबवलं.

नंतर काळूरामला आणलं. मागे दारात ठेकेदार उभा.

“मीच उतरलू,” काळूराम जमिनीकडे बघत म्हणाला. “मना कोनी सांगला नाय.”

मी साहेबांकडे पाहिलं. आता चष्मा निघणार, आता छप्पर उडणार. पण त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि काळूरामपुढे सरकवला. “बस. पाणी पी आधी,” म्हणाले. संपूर्ण चौकशीत ते एवढंच बोलले असावेत. त्यांनी राजीनामा द्यावा असं सुचवण्यात आलं. त्यांनी दिला.

दिवाळीनंतर नवा हॉपर आला. उभ्या बाजू, आतून गुळगुळीत अस्तर, व्हायब्रेटर, आणि झाकण उघडलं की खालचं मशीन आपोआप बंद. सगळं साहेबांनी सांगितलं होतं तसं. नारळ फुटला. मुंबईहून आलेल्या डायरेक्टरांनी मॅनेजरच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं, त्यांना शाल दिली. टाळ्या वाजल्या. आम्हाला पेढे वाटले. माझा पेढा मी तिथंच हॉपरच्या पायाशी टाकून दिला. एवढाच माझा निषेध. त्याची आजही लाज वाटत नाही आणि अभिमानही वाटत नाही.

साहेब मग उल्हासनगर, शहाडकडच्या छोट्या कारखान्यांतून सल्लागार म्हणून फिरायला लागले. सिंधी मालक त्यांना मान द्यायचे, चहा पाजायचे. एकानं माझ्यासमोर हात जोडले होते. “साईं, आप बात सही करते हो, पर आपकी सुनूँ तो कारखाना बंद करना पडेगा.” दुसऱ्यांदा सहसा कोणी बोलवत नसे. साहेब तरी जात राहिले. मशीनचा उघडा पट्टा दिसला की रस्त्यावरून आत शिरून भांडायचे.

एकदा काळूराम त्यांच्या घरी आला होता, असं वहिनींनी मला सांगितलं. दारातच बसून माफी मागायला लागला. तर हे त्याच्यावरच ओरडले, “माफी कसली मागतोस? खोकल्याचं औषध घेतोस का नाही? आणि त्या मास्तरचं काय झालं?” मग त्याला आत घेऊन जेवायला बसवलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर साहेब गेले. हृदयविकारानं, शहाडच्या एका गिरणीतून घरी परतल्यावर. सकाळी आम्ही सगळे अंगणात जमलो होतो. तेवढ्यात रिक्षातून कंपनीचा एक तरुण पर्सोनेल ऑफिसर उतरला, हातात मोठा पांढऱ्या फुलांचा हार, त्यावर कंपनीच्या नावाची सोनेरी पट्टी. बिचारा नवीन होता. त्याला काही माहीत नसणार.

वहिनी दारात आल्या. “कोणाकडून?”

“कंपनीकडून, मॅडम. सर आमच्या परिवारातलेच...”

“परत न्या.”

त्याला कळेना. तो माझ्याकडे बघायला लागला. कोणीतरी वडीलधारं पुटपुटलं, “असू दे गं, आज कशाला?”

“आजच,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. “हा हार त्यांच्या अंगावर पडणार नाही.”

तो तरुण हार दोन्ही हातांत धरून उलट पावली रस्त्यावर गेला. रिक्षा निघून गेली होती. मी त्याच्या मागोमाग गेलो आणि फाटक आतून लावून घेतलं.