भिंतीवरची कबड्डी

अकोला ते अमरावती या पट्ट्यात माझ्यापुढे तसूभरही न वाकणारा एकच माणूस निघाला, आणि तो नेमका माझा साडू. जुन्या मोटारपंपांच्या धंद्यात मी शून्यातून वर आलो तो जिभेच्या जोरावर. भल्याभल्यांना बोलून नमवलं. साडूभाऊ मात्र अमरावतीच्या बाजारात वांगेवालीचा भाव ऐकून मान डोलावतात आणि मी घासाघीस सुरू केली की तिचीच बाजू घेतात. "बाई खोटं काहून बोलन?" असं मलाच विचारतात. मी पिशवी आपटून त्यांच्या घरी परततो.

जिनिंगमध्ये सरकी काढायची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. त्यांच्या मुलानं पुण्याची खोली सोडली तेव्हा सामानात डार्ट्सचा बोर्ड आला. आकडे लिहिलेल्या फाकांची ती गोल तबकडी. लोक तिच्यावर बाण फेकून गुण मोजतात. साडूभाऊ तिच्यासमोर बराच वेळ बसून राहिले आणि म्हणाले, "याच्यात दम कुठी हाये?" मग त्यांनी त्यात कबड्डी घातली. बोर्डाच्या मधोमध उभी रेघ. एक अंगण त्यांचं, एक माझं. दोन्हीकडे सात-सात फाकांवर मेहुणीच्या टिकल्या चिकटवल्या, त्यांचे गडी लाल, माझे हिरवे. चढाई करणाऱ्यानं फरशीवरच्या रेघेमागे उभं राहून दम घ्यायचा, 'कबड्डी, कबड्डी' सुरू करायचं आणि त्याच दमात तीन बाण फेकायचे. समोरच्याच्या टिकलीच्या फाकेत बाण लागला की तो गडी बाद; आपल्याच अंगणात लागला तर आपला बाद. मधला ठिपका टिपला तर आपला एक मेलेला गडी उठतो. पण बाण मारून भागत नाही. तोच दम टिकवून बोर्डापर्यंत जायचं, बाण उपटायचे आणि रेघेवर परतायचं. वाटेत दम तुटला तर मारलेले गडी जिवंत, वर आपला एक गेला. मी कसाबसा लालबुंद होऊन परतायचो. साडूभाऊ येता येता वाकडं कॅलेंडर सरळ करून, मांजराला हाकलून, पंखा कमी करून यायचे, आणि कबड्डी चालूच. एकदा शेजारच्यांचे पाहुणे दारातून डोकावून "कोणाले बरं नाई का?" म्हणून विचारून गेले.

गेल्या दिवाळीत त्यांची एकच टिकली उरली होती. ती मी टिपली, बाण उपटले, रेघ गाठली.

"दम तुटला, साडूभाऊ," ते शांतपणे म्हणाले.

"कुठी तुटला? रेघेवर पाय होता माहा."

"पाय होता. दम पाऊलभर मांगं राहिला."

समोर खेळणारे तेच आणि पंचही तेच. मी ओरडलो. बायकोला साक्षीला बोलावलं, तर ती म्हणाली मी चकल्या तळत होते. शेवटी मी भावात खाली आलो: पुन्हा चढाई करू द्या. तेही नाही तर निदान 'शंका आहे' एवढं तरी म्हणा.

"वांगे हायेत का हे, भाव करायले?" ते म्हणाले.

फराळाचा डबा तिथेच ठेवून मी अकोल्याची बस धरली. तेव्हापासून दर रविवारी फोनवर माझं पहिलं वाक्य एकच असतं: रेघेवर पाय होता माहा.

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो. बोर्डावर टिकल्या तयार होत्या. साडूभाऊंनी पहिला बाण नेमका मारला आणि तिसऱ्या 'कबड्डी'लाच खोकला आला. भिंतीला हात टेकून ते उभे राहिले. इतक्या वर्षांचा कापूस छातीत बसलाय, असं डॉक्टर म्हणाल्याचं मेहुणीनं आतून सांगितलं.

"दम नाई तुटला," मी म्हणालो. "म्या आयकलं."

"तुटला."

मी भाव करायला बसलो. खोकला धरत नसतात. साठीनंतर दोन दम चालतात. बरं, दीड. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या फायद्यासाठी घासाघीस करत होतो, आणि तीही फुकट गेली. त्यांनी स्वतःची एक लाल टिकली काढून बोर्डाच्या कडेला चिकटवली. "तुमी खोटं बोलून राहिले, साडूभाऊ," म्हणाले आणि हसले.

परवाच्या रविवारी फोन केला तेव्हा मी दिवाळीचा विषय काढलाच नाही. औषध, पाणी, हवा असंच बोलत राहिलो. शेवटी तेच म्हणाले, "काहून, आज भांडत नाई?"

"रेघेवर पाय होता माहा," मी म्हणालो.

"पाय होता," ते म्हणाले, आणि पुढचं बोलायला त्यांना दम घ्यावा लागला. मी फोन कानाला धरून थांबलो.