दिराची गाडी

जुनी गाडी घ्यायची असली की आमच्या भागातले लोक टॉर्चवाल्या ताईंना बोलावतात. भर दुपारीही त्यांच्या हातात टॉर्च असतो, म्हणून हे नाव. वडिलांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. शाळा सुटली की ताई तिथे अभ्यासाला बसायच्या आणि अभ्यास सोडून बाकी सगळं शिकायच्या. पुढे विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्या तपासायची नोकरी केली. मुलं झाल्यावर ती सुटली. मग शेजारच्यांनी एकदा सहज विचारलं, "जरा बघता का हो आमची गाडी?" आणि हे काम मागे लागलं ते लागलंच.

त्यांचा धाकटा दीर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. बोलघेवडा माणूस. "वहिनी, लग्नाआधी दादाला पण टॉर्च मारून बघितलं होतं का?" असं चारचौघांत विचारायचा. "तेव्हा टॉर्च कुठे होता? म्हणून तर फसले," ताई म्हणायच्या. नवरा पेपरामागून हसायचा.

या दिराने मागच्या वर्षी एक जुनी गाडी घेतली. वहिनीला दाखवली नाही. "तुम्ही खोट काढली असती, आणि मला तर ती आवडली होती," म्हणाला. ताईंना जरा लागलं, पण त्या बोलल्या नाहीत. एकदोनदा त्या गाडीत बसल्याही. विचारल्याशिवाय कोणाची गाडी तपासायची नाही, हा त्यांचा नियम होता.

मध्यंतरी एका नर्सबाईंचा फोन आला. त्यांची ड्युटी संपते तेव्हा बस मिळत नाही, म्हणून त्यांनी जाहिरात पाहून एक गाडी हेरली होती. ताई पत्त्यावर पोचल्या. एका ऑफिसच्या इमारतीच्या तळघरात गाड्या लावायची जागा होती, आणि तिथे गाडीला टेकून दीर उभा होता.

"वहिनी! तुम्ही?" तो दचकला, मग लगेच हसून नर्सबाईंना म्हणाला, "अहो, मग घरचाच मामला आहे. आता बघायचं काय त्यात?"

नर्सबाईंचा चेहरा उतरला. ताई म्हणाल्या, "हा माझा सख्खा दीर. तुम्हाला दुसऱ्या कोणाला आणायचं असेल तर खुशाल आणा, मला राग नाही."

नर्सबाईंनी क्षणभर विचार केला. "नको, तुम्हीच बघा. तुम्ही कसं बघता, ते मी बघते."

ताईंनी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. "आत्ताच फिरवून आणलीस?" "हो, जरा चक्कर मारली," दीर म्हणाला. गार इंजिन सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर अशा वेळी कळत नाही. रंग ठीक होता, दारं नीट लागत होती. दीर शीळ घालायला लागला. मग ताईंनी पुढच्या सीटचा पट्टा ओढला. लोक छातीपुरता ओढतात, त्यांनी पार शेवटपर्यंत ओढला. आत गुंडाळून राहणाऱ्या भागावर मातकट डाग होते. शीळ थांबली. त्यांनी डिकी उघडून स्टेपनी उचलली, तर खालच्या खाचेत वाळलेला गाळ. सीटखालचे स्क्रू गंजून लाल झालेले.

ताईंनी मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"वहिनी, घरी बोलू ना आपण."

एवढ्यावरून त्यांना काय ते कळलं. त्या नर्सबाईंकडे वळल्या. "ही गाडी पाण्यात बुडालेली आहे. आज चालतेय, पण आतल्या वायरिंगचा भरवसा नाही. घेऊ नका."

नर्सबाई गेल्यावर दीर उसळला. "परक्या बाईसाठी घरच्या माणसाला तोंडघशी पाडलंत!"

"तुझ्या गळ्यात मारली हे कळलं, तेव्हाच मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुम्ही हसला असता."

"हसले असते. आणि मग ज्याने विकली त्याच्या दारात तुझ्यासोबत येऊन भांडले असते."

तो गाडीत बसला आणि निघून गेला.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "केलंस ते बरोबरच. पण 'तुला माहीत होतं का' हे तिच्यासमोर विचारायला नको होतं." हे मात्र ताईंच्या मनाला लागून राहिलं. विचारायची खरंच काही गरज नव्हती. गाळ पुरेसा होता.

दिराचं येणं बंद झालं. एका दुपारी त्याची बायको एकटीच आली. चहा समोर गार होत होता.

"ताई, हे म्हणाले की तुम्ही त्यांचा सौदा मोडलात. का, ते सांगत नाहीत."

ताईंनी सांगितलं. जाऊ ऐकत राहिली.

"माहेरून येताना एकदा घाटात गाडीचे दिवे गेले होते," ती म्हणाली. "पोरं मागे झोपलेली. हे म्हणाले, फ्यूज उडाला. ते पाण्यामुळे का हो?"

"असू शकेल. नक्की नाही सांगता येत."

"म्हणजे यांना तेव्हाही माहीत होतं?"

"ते मी कसं सांगू? त्यालाच विचार."

तिने विचारलं असावं. कारण पुढच्या महिन्यात गाडी भंगारवाल्याकडे गेली, सुट्या भागांसाठी, काय झालंय ते स्पष्ट सांगून. दीर परत बसने कामावर जायला लागला. नर्सबाईंना ताईंनी दुसरी एक गाडी बघून दिली. टपावरचा रंग उडालेला, पण इंजिन ठणठणीत.

बोलणं सुरू झालं ते सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या निमित्ताने. दवाखान्यात कोणी थांबायचं, डोळ्यात औषध कोणी घालायचं, यावरून आधी फोन झाले, मग येणं-जाणं. परवा दीर आला, मोरीतला गळका नळ बदलून दिला आणि जेवायला बसला. ताईंनी न विचारता आणखी भात वाढला. त्यानेही नको म्हटलं नाही. गाडीचा विषय अजून दोघांनीही काढलेला नाही.