हत्तीच्या वाटणीचं पाणी

माधवीचा, शिरीषच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी आइंडहोवन स्टेशनच्या सायकल स्टँडमध्ये कुलपाशी झटापट करत होतो. "शिरीष गेला रे," एवढंच ती म्हणाली. "येतो," म्हणून मी फोन ठेवला आणि नुकतंच उघडलेलं कुलूप पुन्हा लावून टाकलं. या गोष्टीला दीडेक महिना झाला. अजून त्याचा राग येतो मला, आणि मेलेल्या मित्रावर रागावणं किती निरुपयोगी असतं तेही कळतं.

शिरीष आणि मी पुण्याहून इथे चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामासाठी आलो आणि दोघंही इथलेच झालो. शिरीष भांडकुदळ इंजिनिअर होता. रॉटरडॅमला एकदा जुन्या जहाजांची चित्रं बघायला गेलो होतो, तिथे डेकवर उभ्या असलेल्या हत्तीचं एक चित्र त्याला दिसलं आणि त्या दिवसापासून आमच्या डोक्याला ताप झाला. अमेरिकेत प्राणिसंग्रहालयं वगैरे नव्हती त्या काळात तिथले कप्तान बंगालमधून हत्ती विकत घ्यायचे, महिनोन् महिने जहाजातून न्यायचे आणि धक्क्यावर उतरवला की बघायला ही गर्दी! सिंह, उंटही असेच यायचे. खानावळींमागच्या गोठ्यात बांधून तिकीट लावायचे, आणि फुकट कोणी बघू नये म्हणून हत्तीला एका गावाहून दुसऱ्या गावाला अंधारात चालवत न्यायचे. हे सगळं तो आम्हाला जेवणाच्या ताटावर ऐकवायचा. पण त्याची खरी खोच वेगळी होती. "पोचल्याचा दिवस सगळे लिहितात," तो म्हणायचा, "मधलं कोण लिहिणार? जहाजावर गोडं पाणी किती? वारा पडला, प्रवास लांबला, तर आधी कोणाचं तोडणार... खलाशांचं का हत्तीचं?" चौकटीच्या कागदावर त्यानं जहाजाचा उभा छेद काढला होता, त्यात पाण्याची पिपं मांडून बघायचा. मी म्हटलं, "अरे, विकायचा होता ना हत्ती? जपलाच असेल." "जपला म्हणजे काय? जगेल एवढंच दिलं असेल," तो म्हणाला.

असाच एक हत्ती उतरल्यावर लोकांच्या हातातल्या बाटल्या घेऊन सोंडेनं बूच उपसायचा आणि आतलं घटाघटा प्यायचा म्हणे. दिवाळीच्या जेवणात शिरीषनं कुडत्याची बाही लोंबकळत सोडून हा हत्ती असा काही करून दाखवला की हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

मग त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिस सुरू झालं आणि, जास्तीचं पाणी अंगात साठून हृदयावर ताण येतो म्हणून, दिवसभरात पाणी किती प्यायचं ते ठरवून मिळालं. सकाळी माधवी एका जारमध्ये ते भरून ठेवायची. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातूनच वजा. दात घासताना तो चोरून प्यायचा. एकदा लेकीनं, रेवानं, पकडलं. "बाबा, स्पिट इट आउट!" ती ओरडली आणि एवढा तिरसट माणूस, पण निमूटपणे थुंकला. हे सांगताना तो हसत होता. मला हसू आलं नाही. माधवीचं मूत्रपिंड जुळलं नव्हतं, दुसऱ्या कोणाचं मिळावं म्हणून हॉस्पिटलच्या यादीत नाव होतं. फोन येईपर्यंत त्याला धड ठेवायचं, हे एकच काम तिनं डोक्यात धरलं होतं.

शेवटचा भेटलो तेव्हा तो खिडकीशी बसला होता, ओठ सालपटलेले. काहीतरी बोलायचं म्हणून मी हत्तीची चौकशी केली. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाला, "तो बाटल्या उघडायचा ना... लोक हसायचे. आपणही हसलो. अरे, तहानलेला होता तो." आणि लगेच आवाज खाली आणून, "ती वर गेलीये. एक ग्लास दे ना." मी उठेपर्यंत माधवी जिन्यात उभी होती. "शिरीष, कधीही फोन येईल. थोडं धर," ती म्हणाली. "जगेल एवढंच देतेस तू," तो तिला म्हणाला. ती आत गेली. मी त्याला खूप बोललो तेव्हा, आणि त्यातला एकही शब्द मला मागे घ्यावासा वाटत नाही. पण तो तहानलेला होता, हेही खरंच होतं. चार-पाच दिवसांत हृदयानं साथ सोडली. हॉस्पिटलचा फोन आलाच नाही.

गेल्या आठवड्यात माधवीकडे गेलो. बूट काढतोय तोवर तिनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. आल्यागेल्याला गेलं वर्षभर पाणी असं आतच द्यायची ती, त्याला दिसू नये म्हणून. "शेवटी चमच्यानं घातलं रे तोंडात," ती ओट्याकडे बघत म्हणाली. "भरपूर घातलं. गिळलंच नाही त्यानं... असंच जाणार होता तर पिऊ द्यायला हवं होतं का मी?" मी आवाज न करता पाणी प्यायलो. तिनं ग्लास विसळला, कोरडा पुसला, कपाटात मागे सारून ठेवला आणि मगच दार उघडलं. बाहेरच्या खोलीत कोणीच नव्हतं.