साहेबांना आणि ह्यांना एकच ताप

उभं आयुष्य माणसांची डोकी भादरल्यावर न्हाव्याने कुत्र्यांचे केस कापायला घेतले. कारण सरळ होतं. कुत्री राजकारणावर बोलत नाहीत, आणि आरशात बघून नाक मुरडत नाहीत. दुकानातली खुर्ची हलवून तिथे टेबल आलं आणि धंद्याने बाळसं धरलं.

केसांत गोचीड सापडली की तो ती उपटून दोन नखांमध्ये चिरडायचा. ती टचकन फुटली की गडी खूश.

"अहो, हातमोजे घाला," बायको म्हणायची.

"हातमोज्यांत बोटांना अक्कल राहत नाही," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

एके दिवशी घरच्या कुत्र्याने जेवणाकडे पाठ फिरवली. त्याचा रुबाब बघून गल्लीने त्याला साहेब नाव दिलं होतं. आता साहेबांना उठवत नव्हतं. पाठोपाठ न्हावीही तापाने फणफणला. डोकं ठणकत होतं, सांधे बोलत होते. दोघे एकाच सतरंजीवर कण्हत पडले. बायकोने आधी उचललं ते साहेबांना.

"आणि मी?"

"तुम्हाला कण्हून सांगता तरी येतं. त्याचं काय?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "गोचिडीमुळे आलेला ताप आहे. घरात आणखी कुणाला?"

"ह्यांना. हे गोचिडी नखाने चिरडतात."

बाईंनी कपाळाला हात लावला. "मग त्यांना आजच माणसांच्या दवाखान्यात न्या. कुत्र्याकडून नाही, पण गोचिडीकडून त्यांनाही लागण झालेली असू शकते."

तसंच निघालं. औषधही दोघांना एकच मिळालं, फक्त मात्रा वेगळी. न्हाव्याच्या ते जिवाला लागलं. त्यातून साहेबांची गोळी उकडलेल्या अंड्यात लपून यायची आणि ह्याच्या वाट्याला नुसतं पेलाभर पाणी.

"ह्या घरात माझी किंमत काय, ते कळलं," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून बायको दोन अंडी उकडू लागली.

साहेब आधी बरे झाले आणि दारात जाऊन मांजरांवर गुरगुरले. न्हाव्याला वेळ लागला. दुकान उघडलं तेव्हा टेबलावर चिमटा, हातमोजे आणि स्पिरिटची बाटली मांडलेली होती. त्याने मुकाट्याने हातमोजे चढवले. गोचीड चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढायची आणि बाटलीत टाकायची. आवाज नाही, मजा नाही.

"कसं वाटतंय?" बायकोने विचारलं.

"अळणी," तो म्हणाला, आणि पुढचं कुत्रं टेबलावर घेतलं.