आत बसणाऱ्यालाच कढी

जवळा बाजारात आमच्या गल्लीच्या तोंडाशी भज्यांचं एक हॉटेल आहे. परवा माहेरी गेले तेव्हा कळलं, ते नवं केलंय. माझं तोंड लगेच वाकडं झालं. हॉटेल नवं केलं म्हणजे काचेचं दार, भिंतीवर धबधब्याचं चित्र आणि भज्यांच्या जागी मंचुरियन, हे मी कळमनुरीपासून कनेरगाव नाक्यापर्यंत पाहिलेलं आहे.

जुनं हॉटेल म्हणजे पत्र्याखाली मांडलेली बाकं, आणि बाकांवर फक्त गडीमाणसं. तसा नियम कुणी केला नव्हता, पण बायका आत बसत नसत. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या बायका बाहेरच्या ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून कागदातले भजे खायच्या. आमच्या घरीही पुडा यायचा. कढी मात्र कधी आली नाही. ती भज्यांबरोबर फुकट असायची, म्हणून म्हातारे मालक आत बसणाऱ्यालाच वाढत. डबा घेऊन गेलं तरी देत नसत.

माझे वडील रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसत. घरी आईनं कढी केली की एक घोट घेऊन म्हणत, बरी झालीय, पण हॉटेलातली ती हॉटेलातली. आई उलटून बोलायची नाही. पुढच्या खेपेला आलं वाढवायची, नाहीतर लसूण. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कढीला फोडणी देताना ती अजून म्हणते, काय घालत असतील ते देव जाणे. या एका गोष्टीसाठी माझा वडिलांवर अजून राग आहे.

म्हणून या वेळी आईला घेऊनच गेले. काचेचं दार नव्हतं. पत्रा जाऊन स्लॅब आला होता, पंखे लागले होते, आणि कढई जुन्याच जागी, रस्त्यावरून दिसेल अशी. गल्ल्यावर म्हाताऱ्या मालकांची सून बसली होती, डोक्यावरून ओढणी घेतलेली. मधल्या बाकावर कॉलेजच्या तीन पोरी मोठमोठ्यानं हसत भजे खात होत्या आणि त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी उगाचच त्यांच्याकडे बघून हसले.

आई मात्र सवयीनं ओट्यावर टेकली. मी म्हटलं, आत चल.

"काहून? हितं बरं हाय. आमी कधी आत बसलो न्हाई."

ते ऐकून सून उठून आली. आईचा हात धरून तिनं तिला पंख्याखालच्या बाकावर नेऊन बसवलं. कढी सासऱ्यांनीच शिकवली, त्यात काही बदललं नाही, हे तिनं मी न विचारताच सांगितलं.

आईनं भज्यांना हात लावला नाही. आधी वाटी उचलली. एक घोट घेतला, थांबली, मग सगळी वाटी संपवली. काय घालतात, मी विचारलं.

"काय न्हाई. माझ्यासारखीच हाय, बराबर." थोडा वेळ तिनं बाकांवरच्या माणसांकडे पाहिलं. "तुझ्या बापाला हितं बसायला आवडायचं. कढीचं नुस्तं नाव."

मी रागानं काहीतरी बोलणार होते, पण ती पुढं म्हणाली, "मलाबी आवडून राहिलं."

तिनं रिकामी वाटी पुढं सरकवली. घरी कुणाची वाटी रिकामी झाली की मागायच्या आत ती उठते. इथं सून पातेलं घेऊन येईपर्यंत ती जागची हलली नाही.